एकाच पाकिटातली गांजाची चार झाडं, कांड्या मात्र वेगवेगळ्या. बी कोणाचं धरावं?

कॅनडातला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली तोच तो वाद नको. मी ऑन्टारिओत किचनरला राहतो. इथे २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. वय एकोणीस पूर्ण असेल तर एका घरात चार झाडं लावता येतात, विकता मात्र येत नाहीत. बी परवान्याच्या दुकानातलं आहे. मला ओढण्याचा शौक बेताचाच, झाडांचा नाद मोठा. बायको टोमॅटो लावते, मी ही चार लावतो.

एप्रिलअखेर घरात बी टोकलं, खिडकीजवळच्या टेबलावर, साध्या एलईडीच्या दिव्याखाली. मेचा लाँग वीकेंड झाल्यावर बाहेर काढली. दोन कुंपणाच्या कडेला जमिनीत, एक डेकच्या पायऱ्यांजवळ, एक अंगणाच्या मधोमध मोठ्या कापडी कुंडीत. कुंपण सीडरच्या फळ्यांचं, सहा फुटी, आणि त्यावर शेजाऱ्याचं मेपल ओणवलेलं.

आता ऑगस्टचा मध्य. कुंपणाकडच्या दोघांतला एक नर निघाला. त्याच्या शेजारची मादी साडेसहा फूट झालीय, कुंपणावरून डोकं काढून शेजाऱ्यांकडे बघते. मधली कुंडीतली मादी चारच फूट, पण भरलेली. कंबरेच्या उंचीला दोन पेरांमधलं अंतर मोजलं तर कुंपणाकडचीचं ११ सेंमी, कुंडीतलीचं ५. आमच्याकडे वडिलांचा ऊस असतो, त्यामुळे कांडीकडे नजर आपोआप जाते. उसात लांब कांडी बघितली की बरं वाटतं, इथे उलट.

विचार असा आहे की पुढच्या वर्षी कुंपणाच्या आत मावतील अशी बुटकी झाडं हवीत. तर कुंडीतल्या मादीवर या नराचे पराग घालून बी धरलं, तर बुटकीच निघतील का? की नरही ताडमाड आहे म्हणून त्याला आत्ताच उपटून टाकू? आणि एकाच पाकिटातल्या बियांत इतका फरक कसा, हेही कुणी सांगा.

हापूसवाला_देवगड

बी धरायच्या भानगडीत कशाला पडतोस. आम्ही आंब्याच्या कलमांना जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती चर काढून कल्टार देतो. पालवी आवरते, झाड आटोक्यात राहतं, वर मोहोरही लवकर. तुझ्या कुंडीला चमचाभर पुरेल. कांड्या आपोआप आखूड.

नियामक

सूचना: धागा कॅनडातल्या कायदेशीर लागवडीबद्दल आहे म्हणून ठेवला आहे. भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार परवान्याशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, कुंडीत एक लावलं तरी. "मला पण बी पाठवा" असले प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत.

मालदांडी

सांगलीकर, प्रश्न चांगला विचारलास. मी आयुष्यभर ज्वारीच्या पैदाशीत होतो, आता निवृत्त, सोलापुरात असतो. तुझं झाड मी कधी लावलेलं नाही. पण कांडी ही कांडीच असते.

पहिलं काम, टेप खाली ठेव आणि पेरं, म्हणजे पानं फुटतात त्या गाठी, मोज. बुडाला जिथे बीजदलं गळल्याची खूण असेल तिथून शेंड्यापर्यंत, दोन्ही माद्यांची. झाडाची उंची दोन गोष्टींनी ठरते, पेरं किती आणि कांडी केवढी. या दोन्हींचे लगाम वेगवेगळ्या हातांत असतात. पेरं किती याचा संबंध झाडाच्या वयाशी, ते किती भराभर पानं काढतं याच्याशी, फुलावर कधी येतं याच्याशी. कांडीची लांबी म्हणजे त्या दोन पेरांच्या मधल्या पेशी किती वाढल्या आणि किती ताणल्या, एवढंच. ज्वारीत हे फार स्वच्छ दिसतं. क्विन्बी आणि कार्पर या अमेरिकी संशोधकांनी १९५४ साली दाखवून दिलं की ज्वारीची उंची मुख्यतः चार जनुकांवर चालते, आणि ती कांड्या आखूड करतात. पानांची संख्या तीच, फुलोऱ्याचा दिवस तोच. दहा फुटी ताट आणि चार फुटी ताट शेजारी ठेवलं तर पेरं सारखीच भरतात. तेव्हा तुझ्या दोन्ही माद्यांची पेरं सारखी भरली तर फरक फक्त कांडीचा आहे असं समज. कमीजास्त भरली तर मामला वेगळा.

मोजताना एक फसगत सांभाळ. या झाडाला खाली पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात. वयात आलं की जोडी फुटते आणि पानं एकाआड एक लागतात. जोडी फुटली की एका पेराची दोन पेरं होतात, म्हणजे मधलं अंतर आपोआप कमी दिसतं. एका झाडाची जोडीतली कांडी आणि दुसऱ्याची एकाआड एक भागातली कांडी, अशी तुलना केलीस तर दुसरं झाड उगीच बुटकं ठरेल. कंबरेच्या उंचीला मोजलंस म्हणतोस, पण साडेसहा फुटीची कंबर आणि चार फुटीची कंबर एकच पेर नव्हे. चार फुटीच्या कंबरेला शेंडा जवळ आलेला असतो. बुडापासून सातवं पेर म्हणजे दोन्हीकडे सातवंच धर.

आता तुझा खरा घोळ. कुंपणाकडची आणि कुंडीतली यांत एक नाही, चार फरक आहेत. सावली, वारा, मुळांना जागा आणि वाण. पहिले तीन तू केलेस, चौथा बियातला. कांडी चौघांनाही ऐकते.

सावलीचं असं की झाड नुसता उजेड कमी झाला म्हणून लांबत नाही, उजेडाचा रंग बदलला म्हणूनही लांबतं. हिरवं पान तांबडा उजेड खाऊन टाकतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतितांबडा उजेड खाली सोडून देतं किंवा बाजूला परतवतं. उघड्या उन्हात तांबडा आणि अतितांबडा जवळजवळ सारखे असतात, पानांच्या खाली आला की तांबडा पार घटतो. झाडात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन हे प्रमाण ओळखतं. अतितांबडा वाढला म्हणजे शेजारी कुणीतरी आहे. मग जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कामाला लागतं आणि कांड्या ताणतात. डोक्यावर प्रत्यक्ष सावली पडायच्या आधी, नुसत्या शेजारच्या पानांवरून परतलेल्या उजेडानेही हे सुरू होतं. तुझ्याकडे डोक्यावर मेपल, शेजारी नराची पानं. फळ्यांनी अर्ध्या आकाशाचा निळा उजेड अडवला, आणि निळा उजेड कांडीला आवरतो, तो आवरही गेला. ती मादी वर जाईल नाही तर काय करेल?

वारा हा दुसरा. झाड हललं, कुणी हात लावला, पान पानावर घासलं, की खोड आखूड आणि जाड होतं. मधली कुंडीतली दिवसभर हलत असणार, कुंपणाकडची आडोशाला. तिसरं, कुंडीत मुळं भिंतीला लागली की वरची वाढही आवरते. जमिनीतल्या झाडाला ते बंधन नाही.

म्हणजे ११ आणि ५ या आकड्यांत बियाचा वाटा किती, हे तुला आत्ता कळायला मार्ग नाही. कदाचित बराच असेल, कदाचित काहीच नसेल. कुंडीतलीचं बी धरलंस आणि ती कुंपणाकडचीच्या जागी असती तर तेवढीच वाढली असती असं निघालं, तर तू कुंडीचं बी धरलंस, मादीचं नाही.

हापूसवाल्या, राग नको. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. ते जिबरेलिन तयारच होऊ देत नाही, म्हणून कांडी आखूड होते, हे बरोबर. पण आंब्याला जमिनीतून देतोस आणि फळ खूप महिन्यांनी काढतोस. इथे फूल वाळवून लोक पेटवून ओढतात. कॅनडात परवान्याच्या मालाची ज्या कीडनाशकांसाठी तपासणी होते त्या यादीत हे औषध आहे, ते उगीच नाही. मातीतही ते लवकर जात नाही. बायकोचे टोमॅटो पुढच्या वर्षी त्याच मातीत लावशील आणि मग विचारशील की टोमॅटो का बसले. शिवाय औषधाने आखूड केलेली कांडी बियात उतरत नाही. शेंडा खुडून झाड पसरवलंस तरी तेच. फांद्या फुटतील, झाड कुंपणाच्या आत राहील, पण बियाला त्याचा पत्ता नसतो. खरं सांगायचं तर तुला नुसतं शेजाऱ्यांपासून लपवायचं असेल तर जूनमध्ये शेंडा खुडणं आणि फांद्या वाकवून बांधणं एवढ्यात काम भागतं. पैदास कशाला?

पण तुला पैदास करायचीच आहे असं दिसतंय, म्हणून पुढचं लिहितो. जेवण करून येतो.

मालदांडी

आलो.

बुटकं म्हणजे चांगलं, हे आधी डोक्यातून काढ. आमच्याकडे १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. आखूड कांडीची, लवकर येणारी, दाणा भरपूर. शेतकऱ्याचं पहिलं गाऱ्हाणं काय होतं, तर कडबा नाही. बैल काय खातील? ज्याने ताट बुटकं केलं त्याने दाण्याचा हिशेब केला होता, वैरणीचा नाही. दुसरं गाऱ्हाणं त्याहून मोठं. लवकर येणारी असल्याने कणीस नेमकं सप्टेंबरच्या पावसात सापडायचं, आणि दाण्यावर बुरशी चढायची. ज्वारी काळी पडली की व्यापारी अर्ध्या भावाला मागायचा. उघड्या कणसात वारा खेळतो, गच्च कणसात पाणी थांबतं. रब्बीत मालदांडी अजून टिकून आहे ती उंच ताट, गोड कडबा आणि भाकरीची चव यांच्या जिवावर.

हे तुला का सांगतोय? तुझ्या झाडात आखूड कांडी म्हणजे फुलांचे गुच्छ एकमेकांना चिकटून येणार. बघायला देखणं, वजनालाही जड. पण ऑन्टारिओत सप्टेंबरात रात्री गार, सकाळी दव. गच्च गुच्छाच्या आत ओल कोंडते आणि बोट्रायटिस नावाची करडी बुरशी आतून सुरू होते. बाहेरून एखादं पान पिवळं दिसतं, ओढलं तर अलगद हातात येतं, आणि आत तपकिरी भुसा. अफगाणिस्तानातली आणि हिंदुकुशातली झाडं बुटकी, रुंद पानांची, गच्च फुलांची असतात, कारण तिथे हवा कोरडी. केरळात, थायलंडमध्ये झाड उंच, पान अरुंद, कांडी लांब, फूल विरळ. त्या दमट हवेत गच्च फूल टिकलंच नसतं. पण तिकडचं झाड फुलावर यायला इतका वेळ लावतं की तुझ्याकडे तोवर बर्फ पडेल. तुझ्या हवेला मधलंच काहीतरी हवं. आणि माझं ऐकशील तर आधी बघ लवकर कोण पिकतं. कांडी नंतर. थंडी पडायच्या आत जे तयार होतं ते झाड उंच असलं तरी तुझ्या कामाचं.

जाता जाता, दुकानात बुटक्या रुंद पानांच्या झाडाला "इंडिका" म्हणतात, त्यावर विसंबू नको. लामार्क या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८५ साली ज्या भारतीय झाडाला ते नाव दिलं ते अरुंद पानांचं, उंच जातीचं होतं. पाकिटावरच्या चिठ्ठीवरून कांडी कळत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. एकाच पाकिटात इतका फरक कसा? हे नर-मादी वेगळं असलेलं झाड आहे. वाऱ्याने पराग उडतात, दर पिढीला दोन वेगळ्या झाडांचं रक्त मिसळतं. ज्वारी, गहू स्वतःच स्वतःचं बी धरतात म्हणून त्यांचं वाण स्थिर होतं. इथे तसं नाही. बहुतेक पाकिटांतल्या बिया म्हणजे सख्खी भावंडं, जुळी नव्हेत. शिवाय आखूड कांडी एका कारणाने येत नाही. आमच्या चार जनुकांतलं डीडब्ल्यू-३ हे जिबरेलिनचं नाहीच. ते ऑक्सिन हे दुसरं संप्रेरक वाहून नेण्यात गडबड करतं, आणि मुख्यतः खालच्या कांड्या आखडतं, वरच्या तशाच राहतात. ते जनुक लहरीही आहे, मधूनच सरळ होतं. संकरित ज्वारीच्या सारख्या उंचीच्या प्लॉटात अचानक एखादं ताट डोकं वर काढून उभं असायचं. बघणारे म्हणायचे बियात भेसळ, पण भेसळ नव्हती, जनुक उलटलेलं होतं. आम्ही फुलावर यायच्या आत ती ताटं उपटत फिरायचो. गव्हातलं बुटकेपण वेगळं, नोरिन-१० या जपानी गव्हाकडून आलेलं. तिथे जिबरेलिन असतं पण झाड ते ऐकतच नाही. भातात आयआर-८ या जातीचं बुटकेपण आणखी वेगळं, तिथे जिबरेलिनच कमी तयार होतं. बाहेरून तिघंही बुटके. दोन बुटकी झाडं एकत्र आणली तरी कारणं वेगळी असतील तर पोरं उंच निघू शकतात. ज्वारीत हे मी स्वतः बघितलंय.

नराबद्दल. नर ताडमाड आहे म्हणून टाकू नको, आणि ठेवूही नको. या झाडात नर लवकर फुलावर येतो आणि साधारण मादीपेक्षा उंच, सडपातळ असतो. पराग वरून पडावेत म्हणून तो असाच असायचा. नराची तुलना नराशी करतात. तुझ्याकडे एकच नर, म्हणजे तुलना नाही. आणि बीला अर्धं रक्त त्याचं. त्याच्या पोटात आखूड कांडी आहे की नाही हे त्याच्याकडे बघून कळत नाही, त्याच्या लेकी बघून कळतं.

तू आधी पेरं मोजून टाक, मग पुढे बोलू. सहाव्या पेरापासून प्रत्येक कांडी लिही.

पौडीतली_पुणेकरीण

काका, वाचून मजा आली. मी उत्तराखंडात पौडीकडे याच झाडापासून, म्हणजे भांगेपासून, धागा काढायच्या कामात आहे. राज्याने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना देणं सुरू केलं, अट अशी की नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत हवं. इकडे भांगेचं बी वाटून चटणी करतात, सालीचा दोर वळतात, आणि हे लोक कांडीकडे सांगलीकरांच्या उलट्या नजरेने बघतात. लांब कांडी, फांदी नाही, असं ताट मिळालं की खूश.

तेही बरंचसं पेरणीवर असतं. धाग्यासाठी दाट पेरायचं, चौरस मीटरला शंभराच्या वर रोपं. सगळी एकमेकांच्या सावलीत, सरळ वर जातात, खालच्या पेरांतले डोळे झोपून राहतात. तेच बी परसात सुटं पडलं तर डेरेदार झुडूप होतं, बी भरपूर, धागा निकामी. फांदी जिथे फुटते तिथे सालीचा पट्टा तुटतो, सोलताना हाताला कळतं. सर्रकन येणारी साल पेराशी अडकते, झटका द्यावा लागतो आणि तिथेच फाटते. माझ्या आजीकडे लातूरला अंबाडीचा वाख काढायचे, तिथेही दाट लावलेली अंबाडी वाखाला आणि सुटी भाजीला, असंच होतं.

मुद्दा एवढाच की एकाच मुठीतलं बी दोन रूपं दाखवतं. मी स्वतः एका शेतकऱ्याकडची "लांब कांडीची जात" म्हणून दिलेलं बी दुसऱ्या गावात विरळ पेरलेलं बघितलंय. ओळखू येत नव्हतं.

कॅनडातला_सांगलीकर

काका, मोजलं. बायको लिहीत होती, मी टेप धरत होतो, शेजारी वरून बघत होते.

पेरं दोघींची जवळजवळ सारखी, कुंपणाकडचीला एकच जास्त. खालच्या तीन कांड्या दोघींच्याही लांब आणि बारीक, ७-८ सेंमी. मग सहाव्या पेरापासून कुंडीतली ४, ४, ५, ४, ५. कुंपणाकडची ६, ८, १०, ११, ११. जोडी दोघींचीही तेराव्या-चौदाव्या पेराला फुटलीय, त्यामुळे तिथपर्यंतच धरलं. शेंड्याला कुंपणाकडचीच्या कांड्या परत मोठ्या दिसतायत आणि पांढरे केस, म्हणजे मादीफुलाचे तंतू, आलेत. कुंडीतलीला केस नुकते दिसायला लागलेत.

डेकजवळची राहिलीच होती. ती पण मादी आहे, जमिनीत आहे, पण दिवसभर ऊन. तिच्या कांड्या ५, ५, ६, ६, ६.

मालदांडी

शाब्बास. डेकवालीचं आधी का नाही सांगितलंस? तीच तर साक्षीदार.

खालच्या तीन कांड्या तुझ्या घरातल्या टेबलाच्या. उजेड अपुरा, हवा उबदार, वारा नाही, म्हणून सगळ्यांच्याच ताणल्या. उसात तुझे वडील ताट बघून सांगत असतील की इथे उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, इथून पाऊस लागला. तेच इथे. पुढच्या वर्षी दिवा खाली घे, एक पंखा लाव, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक ठेवू नको. दिवसा तापलेलं आणि रात्री गार, असं असलं की कांडी लांबते. हरितगृहवाले पहाटे दोन-तीन तास मुद्दाम गारवा देऊन कुंडीतली फुलझाडं आखूड ठेवतात, औषधाशिवाय.

कुंपणाकडचीची कांडी सहाव्यापासून चढत गेलीय. बाहेर आल्यावर मेपलला पानं भरत गेली आणि नर शेजारी वाढला, तशी ती वाढली. एकदम उडी असती तर रक्ताचा संशय जास्त आला असता. ही चढण सावलीची आहे असं माझं मत. डेकवाली जमिनीत असून ५-६ वर आहे, म्हणजे कुंडीचा वाटा फार नसावा. पण हे तीन झाडांवरचं मत आहे. प्लॉटात मी यावर एक ओळही लिहिली नसती.

शेंड्याच्या कांड्या परत मोठ्या होतायत त्याला घाबरू नको. फुलावर यायला लागलं की दोन-तीन आठवडे हे झाड झेप घेतं, काही दुप्पट होतात. तुझ्याकडे जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास, आता चौदाच्या खाली आला, म्हणून आता फुलावर. इकडे सोलापुरात सर्वांत मोठा दिवस सव्वातेराच्या आतच. कुंडीतलीची झेप अजून यायचीय. आजची ४ फूट धरून बसू नको, सप्टेंबरात परत मोज. केस कुंपणाकडचीला आधी आले, हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं. ते लिहून ठेव, तारखेसकट. सावलीत उभी राहूनही ती आधी फुलावर आली असेल तर तुझ्या हवेला तीच जास्त कामाची असू शकते.

आता खात्री कशी करायची. चार झाडांच्या कायद्यात निवड पद्धत बसत नाही. त्यासाठी शेकड्याने लागतात, आणि हातावर मोजण्याइतकी झाडं पिढ्यान् पिढ्या आपापसांत लावलीस तर जोम जातो. पण एक तपासणी चारांतच नीट बसते. काढणीच्या वेळी दोन्ही माद्यांच्या खालच्या फांद्या तशाच ठेव आणि त्यांचे शेंडे कापून कलमं कर. आधीची झाडं संपव, मग चारच राहतील: कुंपणाकडचीची दोन कलमं, कुंडीतलीची दोन. रोपंही मोजली जातात असंच धरून चाल. फुलावर आलेली कलमं परत पालवी धरायला वेळ घेतात, आधी चमत्कारिक एकपानी पालवी काढतात, त्या कांड्या हिशेबात धरू नको. मग सारख्या कुंड्या, सारखी माती, एकच दिवा अठरा तास, पंखा. दर आठवड्याला जागा फिरव. एका मादीची दोन कलमं म्हणजे रक्ताने एकच झाड, त्यांच्यात जो फरक पडेल तो निव्वळ जागेचा. दोन माद्यांमधला फरक त्याहून मोठा आला तरच तो रक्ताचा. सारखाच आला तर कुंपणाला दोष दे.

बी या वर्षी धरायचं असेल तर सगळं झाड बियावर घालू नको. नर उभा ठेवलास तर पराग वाऱ्याने कुठल्या कुठे जातात, तुझ्या माद्या भरतीलच, चार घरं पलीकडे कुणी लावलं असेल तर त्याच्याही शिव्या खाशील. फूल उमलायच्या आत त्याची एक फांदी काप, घरात पाण्याच्या ग्लासात ठेव, खाली काळा कागद. पिवळी धूळ पडेल ती कोरडी ठेव. बाकी नर काढून टाक. मग वारा नसेल त्या सकाळी एका मादीच्या एकाच खालच्या फांदीला ब्रशने लाव, चिठ्ठी बांध, नंतर पाणी शिंपड म्हणजे उरलेले पराग मरतील. महिना-दीड महिन्यात बी पिकतं. करड्या रंगाचं, पट्टे असलेलं, बोटाने दाबून न फुटणारं. पांढरट हिरवं असेल तर थांब.

कुठल्या मादीला, असं विचारशील. दोघींच्याही एकेका फांदीला लाव आणि बी वेगळं ठेव. कलमांचा निकाल फेब्रुवारीपर्यंत कळेल, तोवर पेरायची घाई नाहीच.

हापूसवाला_देवगड

काका, कल्टारचं मागे घेतो. पण फांदी वाकवून बांधायचं म्हणालात ते आम्ही कलमांनाही करून बघावं का? घन लागवडीत आता झाडं एकमेकांत घुसतायत.

मालदांडी

आंब्याचं मला विचारू नको, वेगळा धागा काढ. सांगलीकर, नराची फुलं उमलली का ते आत्ता बघून सांग. तो कुंपणाला आहे आणि शेजारची मादी हातभर अंतरावर. उमलला असेल तर तिचं बी आधीच धरलं गेलंय.

कॅनडातला_सांगलीकर

टॉर्च घेऊन जाऊन आलो. खालचे दोन गुच्छ उघडलेत, वरचे बंद. मादीच्या खालच्या फांदीवर दोन-तीन केस तपकिरी दिसतायत, म्हणजे पराग बसले असावेत. नर कापला, वरची बंद फांदी ग्लासात ठेवली. तपकिरी केस असलेल्या फांदीला लाल दोरा बांधलाय, तिचं बी वेगळंच ठेवीन.